घामाचे वस्त्र आणि उमरेडचे सूत

नागपूरच्या आग्नेयेस पन्नासएक किलोमीटरांच्या आत वसलेला उमरेड हा तालुक्याचा कसबा आज परमुलखातील लोकांना ठाऊक असतो तो तेथील कोळशाच्या खाणींमुळे, अथवा उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यातील वाघांमुळे; परंतु इंग्रजी अमदानीत मध्यप्रांताची जी गॅझेटिअरे सिद्ध झाली, त्यांत या गावाचा लौकिक नोंदला गेला तो येथील कोष्ट्यांच्या हातमागांवर निघणाऱ्या रेशीमकाठी सुती कापडामुळे. गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणा पसरावा, त्याला खळीची पाजणी द्यावी, आणि मग घरातील खड्ड्याच्या मागावर बसून धोटा फेकीत दिवस घालवावा, हा या वस्तीचा पिढीजात व्यवसाय होता. आणि ज्या हवेत हे कापड वापरावयाचे, त्याच हवेत ते विणले जात असल्यामुळे, कोणत्या नंबरचे सूत उन्हाळ्यात अंगावर सुसह्य होते याचे ज्ञान विणणाऱ्याच्या बोटांत आपोआप उतरलेले असे.

त्याच उमरेडसारख्या गावांच्या रस्त्यांवर आज फटफटण्याच्या सुमारास पोलीस भरतीची तयारी करणारी मुलेमुली धावत असतात. मुलांना सोळाशे मीटर आणि मुलींना आठशे मीटर धावण्याची परीक्षा द्यावयाची असते, गुणांचा हिशेब सेकंदांवर ठरतो, आणि म्हणून माघ असो वा वैशाख, त्यांचा सराव खंडित होत नाही. त्यांच्या अंगावर जे वस्त्र असते ते मात्र जवळजवळ निरपवादपणे एकाच जातीचे असते: चकचकीत पॉलिस्टरची जर्सी, तसलाच लोअर, आणि मुलींच्या बाबतीत पुष्कळदा नायलॉन व स्पॅन्डेक्स यांच्या मिश्रणाची, कातडीला घट्ट चिकटून बसणारी टाइट्स. ज्या जिल्ह्याच्या ठाण्यावर २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांपर्यंत चढला आणि ज्याच्या चहूबाजूंना कापसाची शेते पसरलेली आहेत, त्या जिल्ह्यातील तरुणांनी घाम गाळताना खनिज तेलापासून निघालेला धागा अंगावर घ्यावा, ही गोष्ट मला मनापासून अस्वस्थ करते. त्यात खरा धोका कोठे आहे, संशयास्पद काय आहे आणि निव्वळ घबराट कोणती आहे, हे वेगवेगळे करून पाहणे हा या प्रकरणाचा विषय आहे.

या धाग्यांचे वय फार नाही. नायलॉन अमेरिकेतील द्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हातून १९३५ साली निघाले. पॉलिस्टरचा धागा मँचेस्टरच्या कॅलिको प्रिंटर्स असोसिएशनमध्ये व्हिनफील्ड व डिक्सन या दोघा रसायनशास्त्रज्ञांनी १९४१ साली सिद्ध केला. आणि रबरासारखा ताणला जाणारा स्पॅन्डेक्स १९५८ साली जोसेफ शिव्हर्स यांनी तयार केला. आपल्याकडे टेरिलीन आणि टेरिकॉट या नावांनी पॉलिस्टर घराघरांत शिरले, इस्त्रीचा त्रास वाचला, रंग टिकला, कापड फाटेनासे झाले, आणि लोकांनी ते आनंदाने स्वीकारले यात नवल काहीच नव्हते. नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती, ती आसपासच्या मुलखातील कापसाच्या जोरावर. आज त्या जागी मॉल उभा आहे, आणि त्याच जिल्ह्यातील बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत देशातील एक मोठा पॉलिस्टरचा कारखाना चालतो. धाग्याचे राज्य कसे पालटले याचा यापेक्षा स्पष्ट दाखला शोधावयास दूर जाण्याची गरज नाही.

आता शरीराकडे वळू. धावताना स्नायू जी ऊर्जा खर्च करतात तिचा जेमतेम चौथा हिस्सा गतीच्या कामी येतो. उरलेली सारी उष्णता होते, आणि ती बाहेर टाकल्यावाचून गत्यंतर नसते. हवा जेव्हा कातडीपेक्षा अधिक तापलेली असते, तेव्हा ही उष्णता हवेला देऊन टाकण्याचा मार्ग बंद होतो आणि घाम हा एकच उपाय शिल्लक राहतो. एक लिटर घाम पूर्णपणे वाफ होऊन उडाला तर तो अंगातील सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. परंतु जो घाम थेंबाथेंबाने ओघळून जमिनीवर पडला, किंवा जो कापड आणि कातडी यांच्या मध्ये कोंडून राहिला, त्याने शरीराचे पाणी आणि मीठ तेवढे नेले, थंडावा मात्र फारसा दिला नाही. वस्त्राचा गुण पारखावयाचा तो या कसोटीवर, की ते घामाला वाफ होऊ देते की नाही.

६५ टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत ठेवलेला शंभर ग्रॅम कोरडा कापूस सुमारे साडेआठ ग्रॅम बाष्प आपल्या तंतूंत सामावून घेतो. रेशमाचे हे प्रमाण सुमारे अकरा, जवसाच्या तंतूचे म्हणजे लिननचे बारा, लोकरीचे सोळा. नायलॉनचे मात्र चार, आणि पॉलिस्टरचे अवघे ०.४. कापसाचा तंतू हा सेल्युलोजचा बनलेला असून त्याच्या रेणूवर पाण्याला धरून ठेवणारे हायड्रॉक्सिल गट पावलोपावली असतात. पॉलिस्टरच्या रेणूला पाण्याशी असे काही सख्य नसते. म्हणून सुती कापड अंगावरील दमटपणा ओला होण्यापूर्वीच टिपू लागते, आणि पॉलिस्टरच्या जर्सीखाली तो दमटपणा तसाच साचून राहतो.

येथे प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणे मांडणे आवश्यक आहे. पॉलिस्टर पाणी पीत नाही याच गुणाचा उपयोग करून, खाचा असलेले बारीक तंतू काढून, त्यांच्या पृष्ठभागावरून घाम बाहेरच्या बाजूस ओढून नेणारी आणि झपाट्याने वाळणारी कापडे कंपन्यांनी तयार केली आहेत. लांब पल्ल्याच्या धावपटूला त्यांचा उपयोग होतो, कारण सुती बनियन एकदा चिंब झाले की ते जड होते, लवकर वाळत नाही, आणि बेचाळीस किलोमीटर धावताना काखेत व मांडीत कातडी सोलवटते. मुंबईच्या किंवा कोकणाच्या दमट हवेत ओल्या सुती कापडाचा थंडावा फारसा मिळतही नाही. परंतु विदर्भाचा उन्हाळा कोरडा असतो. चैत्र-वैशाखात मडक्यातील पाणी ज्या न्यायाने गार होते, त्याच न्यायाने येथील हवेत सैल, पातळ, घामाने भिजलेला सुती सदरा अंगाला थंडावा देतो, आणि त्याचे हळूहळू वाळणे हा तेथे दोष न राहता गुण ठरतो. शिवाय तालुक्याच्या बाजारात दोनअडीचशे रुपयांना मिळणाऱ्या जर्सीत ती खाचांची कारागिरी बहुधा नसतेच. असते ते साधे, दाट विणीचे, चकाकणारे पॉलिस्टर. पावसाळ्यात मात्र मी सुती कापडाचा हट्ट धरणार नाही. श्रावणातील दमट सकाळी ओले सुती कपडे तासभर अंगावर ठेवण्यापेक्षा लवकर वाळणारे सैल कापड बरे, एवढे मान्य केलेच पाहिजे.

घामाला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. कातडीवरील जिवाणू त्याचे विघटन करतात तेव्हा दुर्गंधी उत्पन्न होते. बेल्जियममधील घेंट विद्यापीठातील संशोधकांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात २६ निरोगी माणसांना सुती व पॉलिस्टरचे टी-शर्ट घालून सायकलिंगचा कडक व्यायाम करावयास लावला, आणि नंतर २८ तास ते कपडे राखून ठेवून प्रशिक्षित परीक्षकांकडून त्यांचा वास तपासला. पॉलिस्टरचा वास अधिक उग्र ठरला, आणि दुर्गंधी निर्माण करणारे मायक्रोकॉकस जातीचे जिवाणू त्या कापडावर विशेष जोमाने वाढलेले आढळले. यावर तोड म्हणून काही कारखानदार कापडात चांदीचे किंवा अन्य जंतुनाशक द्रव्य घालतात. ते धुण्याच्या पाण्याबरोबर हळूहळू निघून नाल्यात जाते आणि मूळ प्रश्न कायम राहतो.

वासापेक्षा गंभीर प्रकरण आहे ते बुरशीचे. गजकर्ण, नायटा, जांघेतील खाज या नावांनी ज्याला आपण ओळखतो, तो विकार गेल्या दहापंधरा वर्षांत आपल्या देशात इतका चिवट झाला आहे की पूर्वी पंधरा दिवसांच्या औषधाने बरा होणारा रोगी आता महिनोन्‌महिने दवाखान्याच्या पायऱ्या झिजवितो. यामागील बुरशीच्या एका प्रकाराला २०२० साली ट्रायकोफायटन इंडोटिनी असे नाव मिळाले, म्हणजे आपल्या देशाचे नावच त्या रोगाच्या माथी बसले, आणि ही बुरशी नेहमीच्या टर्बिनाफिन या औषधाला पुष्कळदा दाद देत नाही. त्याचे मुख्य कारण वस्त्र नव्हे. डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून मेडिकलच्या दुकानातून घेतलेली स्टेरॉइडमिश्रित मलमे हे मोठे कारण आहे, कारण ती खाज दोन दिवसांत थांबवितात आणि आतील बुरशीला मोकळे रान देतात. परंतु बुरशीला जे हवे असते, म्हणजे ऊब, ओल, अंधार आणि घर्षण, ते सर्व घट्ट कृत्रिम कापडाखाली एकाच ठिकाणी तिला मिळते, आणि म्हणूनच त्वचारोगतज्ज्ञ अशा रोग्याला औषधाबरोबर सैल सुती कपड्यांची ताकीद देतात.

भरतीच्या मुलामुलींची दिनचर्या पाहिली म्हणजे यातील अनर्थ ध्यानात येतो. पहाटे धावून झाले की त्याच घामेजलेल्या कपड्यांत गोळाफेक, मग चहा, मग सायकलवरून अभ्यासिकेत, आणि तेथे दुपारपर्यंत बैठक. खोलीवर राहणाऱ्या मुलांमध्ये एकमेकांचे लोअर व टॉवेल वापरण्याची रीतही असते. एकाला झालेले गजकर्ण सगळ्या खोलीला होते ते अशा वहिवाटीने. मुलींना तर लाजेपायी हा विकार कोणाला सांगताही येत नाही, आणि आईच्या कपाटातील जुनी ट्यूब चोळण्यावर काम भागविले जाते. मला असे ठामपणे वाटते की व्यायामाच्या वस्त्रांविषयी जे काही सांगावयाचे त्यात हे सर्वांत आधी सांगितले पाहिजे: व्यायाम संपताच कपडे उतरवावेत, अंग कोरडे करावे, आतले वस्त्र सुती असावे, धुतलेले कपडे खोलीतील दोरीवर न टाकता उन्हात वाळवावेत, आणि कपडा कोणाचाही वापरू नये. यासाठी कोणत्याही परदेशी प्रयोगशाळेच्या दाखल्याची प्रतीक्षा करण्याचे कारण नाही.

दुसरा सिद्ध झालेला उपद्रव रंगांचा. सुताला रंग धरून ठेवण्याची शक्ती असते, पॉलिस्टरला ती नसते, म्हणून त्याला डिस्पर्स जातीचे रंग उष्णतेच्या साहाय्याने तंतूच्या आत घुसवून द्यावे लागतात; हे रंग कापडाशी रासायनिक बंधाने जोडलेले नसल्यामुळे, नीट न धुतलेल्या स्वस्त मालातून ते घामाबरोबर सुटून कातडीत शिरतात. डिस्पर्स ब्लू १०६ आणि डिस्पर्स ब्लू १२४ हे दोन गडद रंग ॲलर्जीच्या बाबतीत विशेष कुप्रसिद्ध आहेत. अशा पुरळाची ओळख त्याच्या जागेवरून पटते: काखेचा खोलगट भाग सोडून त्याच्या कडांवर, कमरेच्या पट्ट्याखाली, मांड्यांच्या आतल्या बाजूस, म्हणजे जेथे कापड घासते नेमके तेथे तो उठतो. ज्याला हा त्रास होतो त्याने गडद निळे व काळे कृत्रिम कपडे सोडून पाहावेत. पुष्कळांना तेवढ्यानेच उतार पडतो. कृत्रिम रंगांचा उगम १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या मुलाने दगडी कोळशाच्या डांबरापासून काढलेल्या जांभळ्या रंगात आहे, हे उमरेडकरांना, ज्यांच्या पायाखालीच कोळसा आहे, सांगण्याजोगे वाटते. कर्करोगकारक द्रव्ये सोडणाऱ्या कित्येक ॲझो रंगांवर भारत सरकारने १९९७ साली बंदी घातली, ही त्या वेळी मोठी समयोचित गोष्ट झाली.

आता ज्या रसायनांच्या बातम्यांनी लोक अधिक घाबरतात त्यांच्याकडे येऊ. कॅलिफोर्नियातील सेंटर फॉर एन्व्हायर्नमेंटल हेल्थ या संस्थेने २०२२ साली नामांकित कंपन्यांच्या स्पोर्ट्स ब्रा व व्यायामाचे शर्ट तपासून, त्या राज्याच्या कायद्यातील मर्यादेच्या बावीस पटींपर्यंत बिस्फेनॉल-ए या द्रव्याशी संपर्क येऊ शकतो असे जाहीर केले. हे द्रव्य शरीरातील संप्रेरकांच्या कामात ढवळाढवळ करते, आणि युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०२३ साली अन्नातील त्याची सह्य मात्रा पूर्वीच्या वीस हजाराव्या हिश्श्यावर आणली. पाणी व डाग न धरणाऱ्या कपड्यांवर पुष्कळदा पीफास वर्गातील द्रव्यांचा लेप असतो, जो निसर्गात जवळजवळ नष्टच होत नाही. कॅलिफोर्नियाने २०२५ पासून आणि फ्रान्सने २०२६ पासून कपड्यांतील त्यांच्या वापरास मनाई केली. या गोष्टी दुर्लक्षिण्याजोग्या नाहीत. तथापि कापडात एखादे द्रव्य सापडणे, ते घामात उतरणे, घामातून कातडीत शिरणे, आणि शिरून रोग उत्पन्न करणे, या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, आणि व्यायामाच्या कपड्यांमुळे अमुक रोग झाला असे ठामपणे म्हणण्याइतका पुरावा शेवटच्या पायरीवर अद्याप जमलेला नाही. कैरोच्या अहमद शफीक यांनी १९९२ साली चौदा पुरुषांवर केलेल्या प्रयोगाचा दाखला वारंवार दिला जातो. त्यात पॉलिस्टरची खास पिशवी कित्येक महिने सतत बांधून ठेवल्यावर वीर्यातील शुक्रजंतू नाहीसे झाले, आणि ती काढल्यावर परत आले. चौदा माणसांवरील आणि इतक्या असामान्य परिस्थितीतील हा प्रयोग, दिवसातून तासभर लोअर घालणाऱ्या मुलाला निपुत्रिकपणाची भीती घालण्यास मुळीच पुरेसा नाही. माझे मत असे की, संशय जेथे वाजवी आहे आणि पर्याय जेथे स्वस्त आहे, तेथे पुराव्याची वाट न पाहता पर्याय घ्यावा. पण भय विकणाऱ्यांच्या नादी लागू नये.

धुण्याचा प्रश्न शरीरापेक्षा नदीचा अधिक आहे. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ च्या पाहणीप्रमाणे सहा किलो कपड्यांच्या एका धुण्यातून पॉलिस्टरचे सुमारे पाच लाख, आणि ॲक्रिलिकचे सात लाखांहून अधिक तंतू पाण्याबरोबर निघून जातात.

पर्याय म्हणून नैसर्गिक तंतू घ्यावयाचा ठरविल्यावरही डोळे मिटून चालत नाही. खादी भांडारात पॉलीवस्त्र या नावाने पॉलिस्टर मिसळलेले सूतही मिळते, आणि खादीच्या नावावर विसंबून ते घेतले जाते. बांबूचे म्हणून जे मऊसूत कपडे विकले जातात ते बहुतांशी व्हिस्कोज असतात, म्हणजे बांबूचा लगदा कार्बन डायसल्फाइडसारख्या विषारी द्रव्यांत विरघळवून काढलेला धागा. तो कातडीला सुखकर असतो खरा, पण त्याला निसर्गाची देणगी म्हणणे सत्याला धरून नाही. सुरकुती न पडणाऱ्या सुती कापडावर फॉर्माल्डिहाइड सोडणारी राळ असू शकते, तेव्हा नवा कपडा दोनदा धुऊनच वापरावा. आणि कापसाला निर्दोष मानणाऱ्याने २०१७ साल विसरू नये, जेव्हा यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. आपल्या अंगाला सुख देणारे वस्त्र दुसऱ्याच्या फुप्फुसाच्या किमतीवर येऊ नये असे ज्याला वाटते, त्याने शक्य तेथे सेंद्रिय कापसाचा माल मागावा. मागणी झाल्यावाचून तो बाजारात येत नाही.

दुकानदार शपथेवर सुती म्हणत असला तरी परीक्षा सोपी आहे. शिवणीच्या आतील बाजूचे दोनतीन धागे काढून चिमट्याने धरावेत आणि काडी लावावी. निखळ सूत चटकन पेट घेते, जळत्या कागदाचा वास येतो, आणि उरते ती बोटांनी चुरडली जाणारी करडी राख. पॉलिस्टर ज्योतीपासून आकसून मागे सरते, वितळते, काळसर धूर सोडते, आणि थंड झाल्यावर त्याची टणक मण्यासारखी गाठ उरते. मिश्रणाचा धागा पेटतो सुतासारखा, पण राखेत बोट फिरविले की बारीक खडे लागतात. वितळलेला थेंब कातडीला चिकटून भाजतो, म्हणून हे काम ताटलीवर करावे. आणि शेगडीजवळ काम करणाऱ्यांनी कृत्रिम कापड का घालू नये याचेही उत्तर त्या थेंबातच मिळते.

कापसाखेरीज विदर्भाच्या मातीत इतर तंतूही आहेत. भंडारा-गडचिरोलीकडील टसर उत्तम, परंतु मोलाचे आणि घामाने खराब होणारे. उमरेड-भिवापूरकडे रब्बीत पिकणारे जवस हे लिननच्याच जातीचे रोप, पण आपल्याकडील वाण तेलाचे, बुटके आणि फांद्या फुटणारे असल्यामुळे त्यांतून लांब तंतू निघत नाही. मेरिनो लोकर डोंगरी थंडीत व्यायामासाठी नामी असते; येथे तिचे प्रयोजन नाही. तेव्हा फिरून कापूसच राहतो: आखाड्याच्या लंगोटापासून ते शाळेच्या खाकी चड्डीपर्यंत कित्येक पिढ्यांनी घाम गाळला तो याच कापडात.

अडचण आहे ती ताणाची. मागावर विणलेले कापड ताणले जात नाही, आणि पाय फाकवून उडी मारताना चड्डीचे आसन उसवते. यावर जुने शिंपी दोन पायांच्या मध्ये व बगलेखाली चौकोनी तुकडा जोडून घेत, आणि तेवढ्याने मोकळीक येई. घट्ट वस्त्र हवेच असेल तर सुती होजिअरीत पाच टक्क्यांच्या आसपास स्पॅन्डेक्स मिसळलेले घ्यावे. या बाबतीत शुद्धतेचा अतिरेक करण्यात मला अर्थ दिसत नाही. दुसरी अडचण कमी लोकांच्या ध्यानात येते. गावोगावच्या भरती अकॅडम्या आपल्या मुलांना नाव, नंबर व चिन्ह छापलेल्या जर्सी देतात, आणि ती बहुरंगी छपाई सब्लिमेशन नावाच्या ज्या पद्धतीने होते, तिचा रंग पॉलिस्टरमध्येच मुरतो, सुतावर धरत नाही. मुलांच्या अंगावर पॉलिस्टर येण्याचे एक मोठे कारण छापखान्याच्या या सोयीत आहे. नाव एका रंगात, जाळीच्या साध्या छपाईने उठविण्यास अकॅडमीचा चालक तयार असेल, तर चाळीस नंबरच्या सुताचे, सैल विणीचे, पांढरे किंवा फिक्या रंगाचे कापड घेऊन त्याच तालुक्यातील शिंप्याकडून प्रत्येकी दोन सदरे व दोन चड्ड्या शिवून घेता येतील. असा चाळीसपन्नास मुलांचा खप एकत्र नोंदविला तर विणकरांच्या सहकारी संस्थेला एक अख्खा ताणा चढविण्यापुरते काम मिळेल, आणि मोठ्या खरेदीमुळे भावही माफक पडेल. बाकी राहतो तो पन्ह्याचा हिशेब, आणि तो ठरविण्यास मुलांची मापे घेऊन मागावाल्याशी एक दुपार बसणे पुरेसे आहे.